तापलेली नळी

“पिकपच्या शीटामागं मावती, वजनाला हलकी, धुळीत लोळली तरी अडत न्हाई,” ऑरिन मला त्याच्या रायफलीचं सांगत होता. आम्ही तिघं त्याच्या मेंढ्यांच्या कुरणाची तुटलेली तार ताणत होतो. “एकदा घोडा दाबला की फुडची गोळी आपुआप चढती. हात हलवाय नको.”

“आन दोनशे पावलांच्या फुडं?” मी विचारलं.

“तितं कोन मारतंय?”

“कोल्हे तितंच हुबे ऱ्हात्यात,” त्याची बायको वर्ना म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

वायोमिंगच्या त्या माळावर तीस वर्षं मी त्यांचा शेजारी. ऑरिनची कंबर गेली तशी मेंढ्या विण्याच्या दिवसांत रायफल वर्नाकडं आली. त्या मे महिन्यात एका आठवड्यात अकरा कोकरं गेली होती. बर्फ निम्मं वितळलेलं, चिखल घोट्यापर्यंत.

तार बांधून ऑरिन घरी गेला. तासाभरानं मेंढ्या एकदम फुटल्या. तीन कोल्ह्यांनी एक व्यालेली मेंढी खाली पाडली होती. राखणीचा पांढरा कुत्रा, मोझ, त्यांच्यावर धावला.

वर्नानं पिकपच्या बॉनेटवर कोपर टेकलं. शंभरेक पावलं असतील. पहिली गोळी चिखलात गेली, दुसरीला एक कोल्हा जागीच पडला. उरलेले दोघं टेकाडाकडं पळाले. मोझ त्यांच्या मागं. वर्ना मारत राहिली. तिसरी, चौथी, पाचवी. ती बंदूक माणसाला थांबायला सवडच देत नाही. बारीक नळी तापली की गोळी मनाला येईल तिकडं जाते.

“वर्ना, थांब. नळी तापलीया,” मी म्हणालो.

सातवी गोळी सुटली. टेकाडाजवळ मोझ खाली बसला. कोल्हे पलीकडं उतरून गेले.

आम्ही चालत गेलो. चांगली तीनशे पावलं भरली. मोझच्या कमरेतून गोळी गेली होती. मागचे पाय मेले होते, पण वर्नाला बघून त्यानं मान उचलली, तिचा हात चाटला.

“मी त्याच्यावर नेम धरला न्हवता,” ती म्हणाली.

“ठाव हाय मला.”

“दे, मी सोडवतो त्याला,” म्हणून मी रायफलीसाठी हात पुढं केला. तिनं रायफल दिली नाही, स्वतःच नळी मोझच्या कानामागं टेकवली. जवळून ती बंदूक चुकत नाही.

ऑरिननं घरी नळी पुसत विचारलं, “गार हू द्यायची असती. सांगितलं न्हवतं का मी?”

“न्हाई,” वर्ना म्हणाली. “हे तू कुनालाच सांगितलं न्हाईस.”

नवं पिल्लू राखणीला तयार व्हायला दोन वर्षं लागतात. म्हणून वर्नानं कुरणाच्या मधोमध खुर्ची टाकली. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वाऱ्यात बसायची, पत्र्याची बादली बडवायची, घसा फुटेस्तवर ओरडायची. पुढच्या तीन आठवड्यांत दोनच कोकरं गेली.

जूनमध्ये पेंडीच्या दुकानात ऑरिन चारचौघांना सांगत होता, “औंदा रायफल व्हती म्हनून निभावलं.”

वर्ना दाराबाहेरच मिठाची पोती एकटीच पिकपमध्ये टाकत होती. बोटं वाऱ्यानं फुटलेली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं शेवटचं पोतं टाकलं, पिकपचा मागचा फाळका लावला.

“ऑरिन, चल लवकर,” ती बसलेल्या घशानं म्हणाली. “मेंढ्यांपाशी कुनी न्हाई.”