पाइपातली मोहरी

लवूने बिडी सोडली ती छातीत स्टेंट बसल्यावर, देवापुढे नारळ ठेवून, पुन्हा ओढणार नाही असं रीतसर गाऱ्हाणं घालून. पुन्हा धूर ओढलात तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून भांडुपच्या घरात माळ्यावर, मखराच्या खोक्यामागे, तंबाखू ओढायचा पाइप सापडला तेव्हा त्याच्या बायकोने, शेवंतीने, तो थेट त्याच्यापुढे धरला.

पाइप देखणा होता. लाकडी वाटी जुन्या धाटणीची, गोल, तांबूस. खालची बाजू मात्र सुरीने कापल्यागत सपाट, आणि दांडी काचेसारखी निळी. अर्धा साहेब, अर्धा मोबाइल. पण वाटी आतून काळीकुट्ट.

"ह्यां काय?"

"आमच्या पाइपच्या कारखान्यातला. ब्रायर नावाच्या झुडपाचं मूळ, मीच हातानं कोरलंय. लाकडात खड्डा निघाला, म्हणून शेटनी बाजूला टाकला."

"आतून काळो कसो?"

"कोळशाचा लेप गो. लाकूड जळू नये म्हणून विकायच्या आधीच लावतो."

"मग लपवलात कित्याक?"

लवू पाणी प्यायला उठला.

रोज संध्याकाळी तो पाइप घेऊन गॅलरीत बसायचा आणि दार ओढून घ्यायचा. शेवंतीने शर्ट हुंगला. पॉलिशचा वास, तंबाखूचा नाही. म्हणजे पॉलिशच्या वासात तंबाखूचा वास दडवतो, तिने ठरवलं.

सोमवारी तिने वाटीत मोहरीचा एक दाणा टाकला. पेटवला तर जळेल, नाही तर तिथेच राहील.

संध्याकाळी लवू गॅलरीतून आत आला. तिने पाइप पाहिला. दाणा नव्हता. सकाळी मुलीला फोन करायचा आणि यांना डॉक्टरपुढे उभं करायचं, असं मनाशी म्हणत तिने ताट वाढलं.

"शेवंते, आज मोहरी कच्ची राहिली काय?"

"आज फोडणी जिऱ्याची आसा."

लवूचा घास थांबला. "मग मघाशी गॅलरीत दाताखाली आली ती?"

शेवंतीने हातातली पळी खाली ठेवली. दाणा दांडीतून वर आला होता, आणि कच्चाच.

"रिकामोच ओढतास?"

"ओठांना कायतरी लागतं गो. वारा ओढतो. वाऱ्याचं गाऱ्हाणं नव्हतं घातलं."

तिने फोन केला नाही. पण विश्वासही ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी गॅलरीचं दार उघडंच राहिलं. लवूने पाइप तळहातावर उलटा ठोकला. मोहरीचा नवा दाणा पडला. आतून शेवंती बघत होती. त्याने दाणा उचलून परत वाटीत टाकला, आणि मगच दांडी ओठांत धरली, हलकेच.