व्हर्जिलची गाडी अजून रस्त्यावर आहे

सेंट ऑडिलिया गावात केंट वासिंगर जपानी गाड्या विकत होता. शोरूमचा मालक लांब विचिटा शहरात राहायचा, इथं केंट एकटाच. चार वर्षांत त्यानं एकसष्ट एसयूव्ही खपवल्या होत्या. त्या घेतल्या शाळेतल्या मास्तरणींनी, इस्पितळातल्या नर्सेसनी आणि बाहेरून बदली होऊन आलेल्या एका पशुवैद्यानं. पिकअप मात्र गावातल्या एकाही माणसानं घेतली नव्हती. बघायला यायचे, चालवून पाहायचे, दारं उघडून बंद करायचे, केंटची कॉफी प्यायचे आणि दोन महिन्यांनी तीच जुनी देशी पिकअप नव्या रंगात घेऊन त्याच्या दारावरून जायचे.

जुलैत मालकाचा फोन आला.

"केंट, ऑगस्ट संपेपर्यंत एका तरी गाववाल्याला एक तरी पिकअप विक. नाहीतर तिथलं दुकान बंद करतो. तू विचिटाला ये, तुला इथं टेबल देतो."

केंटला विचिटातलं टेबल नको होतं. तो इथंच जन्मला होता, त्याची आई इथंच पुरलेली होती आणि त्र्याऐंशी वर्षांचा बाप, ॲलॉइस, गावाबाहेरच्या शेतावर एकटा राहत होता. शेहेचाळिसाव्या वर्षी गाव सोडायचं, तेही एक पिकअप खपली नाही म्हणून, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

लोक का घेत नाहीत, याचा त्यानं पद्धतशीर अभ्यास केला होता. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं की तो वहीत कारण टिपून ठेवायचा. पहिल्या काही पानांवरची कारणं शहाण्या माणसांची होती. मागचा हौदा लहान. सुटे भाग मिळायला दोन दिवस. जनावरांचा ट्रेलर ओढेल की नाही याची शंका. या सगळ्यांना केंटकडे उत्तरं होती. ही गाडी टेक्सासमध्ये जोडतात आणि तुमच्या देशी गाड्यांपैकी कितीतरी मेक्सिकोतून येतात, हे तो हळूच सांगायचा. शेतकऱ्यांच्या सहकारी दुकानात, को-ऑपच्या काउंटरवर, रंगात आला की तो कोंबडीची गोष्ट काढायचा.

"साठ वर्षांपूर्वी युरोपवाल्यांनी आपल्या कोंबड्यांवर कर बसवला. आपण चिडून बाहेरच्या छोट्या ट्रकवर, म्हणजे पिकअपवर, डॉलरमागे पाव डॉलर जकात ठोकली. कोंबड्या सगळे विसरले, जकात तशीच राहिली. तुम्ही सगळे त्या कोंबडीच्या कृपेनं देशभक्त झालात."

"माझ्या आज्यानं पहिली घेतली तेव्हा जकात नव्हती," काउंटरमागचा माणूस म्हणायचा. "कोंबड्या होत्या. आजीच्या होत्या."

वहीची पुढची पानं मात्र केंट कोणाला दाखवत नसे. तिथं कारणाच्या जागी नुसतं 'वडील' लिहिलेलं असायचं आणि पुढं 'वारले'. खाली 'आजोबा', पुढं 'वारले'. एका ठिकाणी 'थोरला भाऊ, व्हिएतनाम'. जिवंत माणूस समोर बसून मान डोलवायचा, सगळं पटतंय म्हणायचा आणि शेवटच्या क्षणी खिडकीबाहेर अशा नजरेनं बघायचा, जणू तिथं कोणी ताटकळत उभं आहे. या परगण्यातली निम्मी गिऱ्हाइकं सेंट ऑडिलियाच्या दफनभूमीत होती आणि त्यांचं मन वळवायची सोय नव्हती.

दुसरं कारण वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची मूठ न सोडता नमस्कार म्हणून एक बोट उचलायचं असतं. तेवढंच. हसायचं नाही, हात हलवायचा नाही. काचेवर धूळ आणि ऊन असतं, आतला चेहरा दिसतच नाही. बोट उचलायचं ते गाडी ओळखून. केंट शोरूमची जपानी पिकअप चालवायचा. चार वर्षांत त्याच्यासाठी एकही बोट उठलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्याला राग आला, दुसऱ्या वर्षी त्यानं त्याचे विनोद केले, आता तो स्वतःचंही बोट उचलत नसे.

बापाचंही तेच. रविवारी केंट त्याच्याकडे जेवायला जायचा, कोबी आणि खिमा भरलेले पाव, बीरॉक, दोघं मुकाट्यानं खायचे. एकदा केंट म्हणाला, "डॅड, काल मी तुमच्या समोरून गेलो."

"गेलास होय? मला वाटलं कोणीतरी बाहेरचं चाललंय."

"बाहेरचं कोण येतंय इथं?"

"तेच म्हटलं मी," म्हातारा म्हणाला आणि त्यानं मोहरीची बाटली पुढं सरकवली.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेला रोझाली ड्रायलिंग शोरूममध्ये आली. तिचा नवरा व्हर्जिल मार्चमध्ये गेला होता. खांदा देणाऱ्या सहाजणांत केंटचा बापही होता. ती व्हर्जिलचीच पिकअप घेऊन आली होती. सत्तावीस वर्षांची, तपकिरी आणि साईच्या रंगाची, मागचं फळकूट तारेनं बांधलेलं. त्या गाडीचा आवाज गावात कुत्र्यांनासुद्धा पाठ होता.

"मला ती पांढरी दाखव," ती म्हणाली. "तुझं भाषण नको. किल्ली दे."

चालवून आली. उतरताना म्हणाली, "वीस मैल गेले. कोणी बोट उचललं नाही."

केंटला वाटलं, संपलं. "मिसेस ड्रायलिंग, सवय होते त्याची."

"तक्रार कोण करतंय? मार्चपासून मी त्याची गाडी चालवतेय आणि अख्खा परगणा त्याला बोट करतो. माझ्याकडे कोणी बघतच नाही. परवा को-ऑपवर एकजण म्हणाला, काल व्हर्जिल दिसला उत्तरेच्या कुरणापाशी. मग जीभ चावली बिचाऱ्यानं. मी पाहिलं ना, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसला होता."

"मग तीच चालवा की अजून."

"मेकॅनिक म्हणतो खालची चौकट कुजलीय. तू जुनी गाडी बदल्यात घेतोस ना? मग बघून घे आधी."

जुनी गाडी घ्यायची तर दुकानदारानं ती आधी स्वतः चालवून पाहायची असते. केंटनं गाडीखाली वाकून स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग तो आत बसला. सीटला व्हर्जिलच्या आकाराचा खड्डा पडला होता, केंट आपोआप त्यात घसरला. व्हर्जिल त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच. आरसा रोझालीनंही हलवला नव्हता, त्यात केंटला फक्त छत दिसत होतं. बारा मैलच जायचंय, म्हणून त्यानं आरसा हलवला नाही.

रेडिओ ज्वारीचे भाव सांगत होता. पहिली गाडी समोरून आली, बोट उठलं. दुसरी आली, बोट उठलं. चार वर्षांत न दिसलेली बोटं एकामागून एक उठू लागली. गव्हाच्या कोठाराजवळून, दफनभूमीच्या फाटकापाशी, पुलावर. केंटनं मोजली, अकरा गाड्या, अकरा बोटं. त्याचं स्वतःचं बोट कधी उठायला लागलं ते त्याला कळलं नाही.  परत फिरताना त्यानं सहज वर पाहिलं. आरशात मागचा रस्ता दिसत होता, नीट, मधोमध.

त्यानं आरशाला हात लावला नव्हता. आताही लावला नाही. तसाच शोरूमला परत आला.

"अकरा," तो रोझालीला म्हणाला.

"सकाळी कमीच असतात," ती म्हणाली. "मी पांढरी घेते. माझी एक अट आहे. हिचं तू भंगार करायचं नाहीस, परगण्याबाहेर विकायची नाहीस. चौकट जोडून घे आणि तूच चालव. सकाळी को-ऑप, दुपारी उत्तरेचं कुरण, रविवारी चर्च. त्याचं ठरलेलं होतं."

"किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? त्याला विचार."

"मिसेस ड्रायलिंग, तुम्हाला देशीच दुसरी घेता येईल. माझं नुकसान होईल, पण खरं सांगतो."

"म्हणजे पुन्हा लोक मला तोच समजणार. एकाच व्हर्जिलला मी एकेचाळीस वर्षं सांभाळलं, आता दुसरा नको." ती पांढऱ्या गाडीकडे बघत होती. "मार्चपासून माझ्या दारात दुखवट्याच्या जेवणाचे सत्तावीस कॅसरोल आले. प्रत्येकाबरोबर एक लांब चेहरा. मला जरा कोणाला न दिसता फिरायचंय. तुझ्या गाडीत ते जमतं, असं मी ऐकलंय."

केंटला वाईट वाटायला हवं होतं. त्यानं कागद पुढं केला. तिनं सही केली.

मालक फोनवर खूश झाला. "चार वर्षांनी फोडलीस रे कोंडी. केलंस तरी कसं?"

"गिऱ्हाईक समजून घेतलं," केंट म्हणाला. कोणतं गिऱ्हाईक, ते त्यानं सांगितलं नाही.

दुकान राहिलं, केंटही राहिला. वेल्डरनं चौकट जोडून दिली आणि म्हणाला, हळू चालव. केंट हळूच चालवायचा, व्हर्जिलही हळूच चालवायचा. सकाळी को-ऑप, दुपारी कुरण. बोटं उठत राहिली. सप्टेंबरात त्याच्या लक्षात आलं की गाडीतून उतरून तो काउंटरवर उभा राहिला की लोकांना त्याला ओळखायला एक क्षण लागतो. "अं, केंट. काय हवं?" असं ते म्हणायचे, जणू दुसऱ्याच कोणाची वाट पाहत होते. पांढऱ्या पिकअपमधून रोझाली समोरून जायची. गावातलं कोणी तिच्याकडे बघत नसे. ती खिडकी खाली करून, मोठ्यानं गाणं म्हणत जायची.

शोरूममध्ये आणखी एकही पिकअप विकली गेली नाही. येणारे लोक बाहेर उभी असलेली तपकिरी गाडी बघायचे, टोपीला हात लावायचे आणि आत न येताच निघून जायचे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उत्तरेच्या खडीच्या रस्त्यावर, समोरून त्याच्या बापाची गाडी आली. लांबूनच बोट उठलं. मग गाडी मंद झाली आणि रस्त्याच्या मधोमध, खिडकीला खिडकी लावून थांबली. इथं कोणाशी बोलायचं असलं की असंच थांबतात. मागून गाडी आली तर ती मुकाट थांबते.

ॲलॉइसनं काच खाली केली. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तो तयार नव्हता. रस्ता मला पाठ आहे, म्हणायचा. दोघांत दोन हातांचंही अंतर नव्हतं. ऊन केंटच्या मागून येत होतं.

"व्हर्जिल," बाप म्हणाला. "बरं झालं भेटलास."

केंटनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"पाऊस हुकला यंदा."

"हुकला," केंट म्हणाला. व्हर्जिल एका वेळी एकच शब्द बोलायचा.

"ज्वारी कशी आहे?"

"ठीक."

म्हाताऱ्यानं इंजिन बंद केलं आणि बोलत राहिला. इतकं सलग तो रविवारी कधी बोलत नसे.

"माझा केंट आठवतो ना तुला? जपानी गाड्या विकायचा तो. जाणार होता विचिटाला. पण दुकान टिकलं म्हणतात. हुशार आहे पोरगा, त्याच्या आईवर गेलाय. मी कधी बोललो नाही त्याला." त्यानं स्टिअरिंगवर अंगठा घासला. "रविवारी येतो जेवायला. पण रस्त्यावर मला कधी दिसत नाही. चार वर्षं झाली, एकदाही नाही. तू तर रोज फिरतोस. तुला दिसतो का रे तो?"

केंटला टोपी काढून उन्हात डोकं बाहेर काढता आलं असतं. डॅड, मीच आहे, असं म्हणता आलं असतं. मग म्हाताऱ्यानं आधी त्याच्याकडे बघितलं असतं, मग गाडीकडे. मार्चमधली व्हर्जिलची शवपेटी त्याला आठवली असती, खांद्यावरचं तिचं वजन आठवलं असतं. आणि हे बोलणं जिथं होतं तिथंच थांबलं असतं, कायमचं. केंटला आणखी ऐकायचं होतं.

"दिसला तर सांगतो," तो म्हणाला.

"सांग," बाप म्हणाला. "घाई नाही."