वेणी माझी होती

प्रफुल सरांनी दिवाळीच्या सुट्टीत चौथीच्या पोरांना एकच अभ्यास दिला. चौदा दिवस रोज कोणाला तरी काहीतरी द्यायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. सुट्टी लागली त्या दिवशी त्यांनी आम्हा पालकांनाही शाळेत बोलावलं होतं. मी धानाची कापणी सोडून गेलो.

सरांनी अटी सांगितल्या. दुकानातून विकत आणून द्यायचं नाही. दुसऱ्याचं उचलून द्यायचं नाही, आपलं असेल तेच द्यायचं. आणि ज्याला दिलं त्याला हा शाळेचा अभ्यास आहे हे सांगायचं नाही, कारण सांगितलं की घेणाऱ्याला वाईट वाटतं. सुट्टी संपली की खाली पालकाची सही.

"सर, आमच्या घरी देण्यासारखी एक बकरीच आहे," वारलू म्हणाला. "पोट्ट्यानं थेच देऊन टाकली त मी कोणाच्या घरी जाऊ?" त्याचा पोरगाही चौथीतच होता.

सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, "बकरी राहू द्या. पण द्याले थोडं जड जाते असं काही द्या म्हणा पोराईले."

मला ते पटलं. घरी येताना मी दीपिकाला म्हणालोसुद्धा, सर चांगला माणूस आहे.

दीपिका माझी एकुलती एक. गेल्या साली पावसाळ्यात धानाचा रोवणा चालू होता तेव्हा तिच्या आईला, रंजीताला, ताप आला. कुरखेड्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून गडचिरोलीला. नवव्या दिवशी ती गेली. पोरीचे केस कमरेपर्यंत होते. तेरवी झाली त्या दिवशी माझी बहीण कात्री घेऊन आली. "कापून टाकू दादा, तुले कुठी जमते वेणी-फणी?" मी कात्री काढून घेतली. ते केस रंजीतानं वाढवले होते.

मला दोर वळता येत होता, म्हणून वेणीही येईल असं वाटलं. पहिला महिनाभर वेणी शाळेत पोहोचायच्या आत सुटायची. शेजारचा नानाजी कुंपणावरून ओरडायचा, "धनराज, पोरीची वेणी घातली का बैलाचं दावं वळलं बाप्पा?" पण वर्षभरात जमलं. दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबीन. भांग थोडा वाकडा जायचा. सकाळी मी ओट्यावर बसायचो, ती माझ्याकडे पाठ करून खालच्या पायरीवर बसायची आणि शाळेतलं सगळं सांगायची. समोर तोंड नसलं की पोरं जास्त बोलतात. रंजीता गेल्यावर दिवसभरातलं तेवढं एकच काम मला आवडीचं उरलं होतं.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी पहाटे उठून पाणी तापवलं, उटणं भिजवलं, खोबरेल तेल वाटीत घेतलं. दीपिकाला पाटावर बसवलं आणि वेणी सोडली. केसांना आधीच तेल होतं. खोबरेल नव्हतं. मोहाच्या बियांचं, आमच्याकडे टोरीचं तेल म्हणतात, त्याचा जड वास आला. आमच्या घरी ते तेल नव्हतं.

"हे तेल कोणं लावलं वं?"

"मोठीमायनं."

"कोणती मोठीमाय?"

"आपल्या शेजारची. कमळा मोठीमाय."

नानाजीची बायको ती. दिवाळीच्या आधीपर्यंत दीपिका तिला काकू म्हणायची. काकूची मोठीमाय कधी झाली, मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातली माय मला टोचली. मी तेल लावलंच, त्या तेलावर हे तेल. पोरगी म्हणाली, "बाबा, पुरे, डोळ्यात चाल्लं."

मग मी लक्ष ठेवू लागलो. सकाळी मी वेण्या घालून शेतात जायचो. संध्याकाळी यायचो तर वेण्या दुसऱ्याच असायच्या. भांग सुताला लावल्यासारखा सरळ. पेड एकसारखे, एकही केस बाहेर नाही. माझी रिबीन, पण गाठ माझी नाही. म्हणजे कोणीतरी माझी वेणी सोडायचं, विंचरायचं आणि पुन्हा घालायचं. सुट्टीच्या सहाव्या दिवशी मी मुद्दाम खूप घट्ट वेणी घातली. "बाबा, डोकं दुखते," ती म्हणाली. मी गाठ दोनदा मारली. संध्याकाळी तीही सुटलेली होती.

कापणीत माझं मन लागेना. सातव्या दिवशी दुपारी विळा धानाच्या बांधीतच टाकून घरी आलो आणि कुंपणाच्या काटक्यांमधून पाहिलं. कमळा ओट्यावर बसली होती. दीपिका तिच्या गुडघ्यांच्या मध्ये. तिचे डोळे मिटलेले होते. माझ्याजवळ बसली की वाकून पाहिलं तरी तिचे डोळे उघडेच असायचे. कमळा काहीतरी बारीक आवाजात सांगत होती आणि पोरगी हसत होती. नानाजी बाजूला बाजेवर पडून बिडी ओढत होता, म्हणाला, "अवं, एवढे केस! शाळेतल्या पोरी जळत असतीन."

पोरींचं मला माहीत नाही. मी जळत होतो. नानाजी पंचेचाळीसचा, त्याची बायको जिवंत, रोज त्याला ताजी भाकर मिळते. आता त्याच्या ओट्यावर माझी पोरगीही पाहिजे? देवानं एका घरी किती द्यावं? हे सगळं मनात आलं, ते मी लपवत नाही. या दोघांना पोर नाही हे तेव्हा मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी तसंच जळलो असतो.

दहाव्या दिवशी दीपिका खेळायला गेली असताना मी तिचं दप्तर उघडलं. सरांच्या अभ्यासाची वही वरच होती. पहिली ओळ: झिंगू आजीला आमच्या झाडाचे सीताफळ दिले. दुसरी: मोनालीला माझे अर्धे खोडरबर दिले. तिसऱ्या दिवसापासून दहाव्यापर्यंत एकच ओळ, थोड्या फरकानं. कमळा मोठीमायला माझे केस विंचरायला दिले. तिला मुलगी नाही. तिला वेणी घालायला आवडते. सातव्या दिवशी पुढे लिहिलं होतं: बाबाची वेणी सोडताना मला वाईट वाटते, पण सरांनी जड जाते ते द्यायला सांगितले.

शहाणा बाप असता तर ही ओळ वाचून रडला असता. मला आनंद झाला. पोरगी तिच्याकडे मायेनं जात नाही, अभ्यासासाठी जाते! वही बंद केली आणि मी सरळ नानाजीच्या घरी गेलो. नानाजी नव्हता. कमळा सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"या भाऊ. चहा टाकू?"

"चहा नोको. एक सांगाचं होतं वहिनी. दीपिका तुमच्याकडे येऊन राह्यली रोज."

"येते न. लय गुणाची पोरगी आहे."

"थो शाळेचा अभ्यास आहे. सरानं सांगतलं, रोज कोणाले तरी काही द्या. तुमाले पोर नाई म्हणून थे तुमाले केस देते. वहीत लिहून ठेवलं आहे."

तिचा हात सुपात थांबला. मी वाट पाहत होतो की ती भांडेल. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"पोर नाई असं लिहिलं?"

"हो."

"बरोबरच लिहिलं." तिनं तांदळातला एक खडा काढून बाहेर टाकला. "किती दिवसाचा अभ्यास आहे?"

"चौदा."

"म्हणजे चार राह्यले," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतातून आलो तर दीपिकाच्या डोक्यावर माझीच वेणी होती. वाकड्या भांगाची, सकाळी होती तशीच. मला काय बरं वाटलं! बाजारातून आणलेली जिलेबी तिच्यापुढे ठेवली. तिनं हात लावला नाही.

"काऊन वं? मोठीमायकडे नाई गेली?"

"गेली होती. हात दुखते म्हणते."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही हात दुखत होता. तिसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, तुनं सांगतलं का तिले?"

मी बैलाला पाणी दाखवायला निघालो. ती मागे आली.

"सरानं नाई म्हणलं होतं. सांगाचं नाई म्हणलं होतं न. तुनं काऊन सांगतलं?"

"थे सांगाचीच गोष्ट होती."

"अभ्यास माहा होता!"

"आणि वेणी?" मी ओरडलो. "वेणी कोणाची होती? सर म्हणले आपलं असंल थेच द्या. सकाळी उठून वेणी मी घालतो. माही वेणी तू दुसऱ्याले काऊन देल्ली?"

नऊ वर्षांच्या पोरीसमोर मी असा ओरडत होतो. ती रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी वेण्या पुढे ओढून धरल्या आणि म्हणाली, "केस माहे आहे."

मी बैलाचं दावं सोडून त्याला पाण्यावर नेलं.

रविवारी, चौदाव्या दिवशी सकाळी, तिनं वही माझ्यापुढे ठेवली. दहा ओळी भरलेल्या, चार रिकाम्या. खाली पालकाची सही अशी रेघ. "सही कर," म्हणाली. चार दिवस का रिकामे असं सर विचारतील तर काय सांगशील, असं मी विचारलं. "तुले विचाराले सांगन," म्हणाली आणि केस न विंचरताच बाहेर गेली.

मी पेन घेऊन बराच वेळ बसलो. सही झाली नाही. मग उठून कमळाकडे गेलो. नानाजी दारातच होता. माझ्याकडे पाहून त्यानं नेहमीसारखी थट्टा केली नाही. "आत आहे," एवढं बोलून तो वावराकडे निघून गेला. त्याला सगळं माहीत होतं.

कमळा चुलीपाशी होती. मी दारातच बसलो.

"वहिनी, मले जलन झाली. म्हणून सांगतलं. दुसरं काही नोयतं. पोरीचा काही दोष नाई."

तिनं चुलीत काडी सरकवली.

"तुमच्याजवळ बसली का डोळे मिटते थे. माह्याजवळ नाई मिटत. थे पाह्यलं मी."

"कुठून पाह्यलं?"

"कुंपणातून."

तेव्हा ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "मी आठ वर्सं पाह्यलं भाऊ त्याच कुंपणातून. तुमची रंजीता पोरीले घेऊन बसे, मी इकडून पायत राहो. एवढीशी होती तवापासून. मनात म्हणो, हिले सगळं भेटलं. लय जळली मी तिच्यावर. मंग थे गेली. तवापासून मले वाटते, माहीच नजर लागली."

"असं नसते वहिनी. ताप होता."

"मले मालूम आहे ताप होता."

चुलीवर भात उतू गेला, तिनं झाकण काढलं. मी विचारलं, "उद्या शाळा लागते. करून द्याल का वेणी?"

"नाई जमत आता. पह्यले हात आपोआप चाले. आता केस हातात घेतले का वाटते, मले दान देऊन राह्यली पोरगी. तुमी सांगाले नोको होतं."

"अभ्यास आज संपला," मी म्हणालो. "आता वहीत काही लिहाचं नाई. माही कापणी पडली आहे, सकाळी लवकर जा लागते. मीच मांगून राह्यलो. कराल त उपकार होतीन."

कापणी पडली होती हे खरं. पण त्याआधी वर्षभर मी कापणीतही, रोवण्यातही वेणी घालूनच गेलो होतो, आणि हे ती जाणत होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमाले चालन?"

"नाई चालणार," मी म्हणालो. "पण कराच."

घरी येऊन मी वहीवर सही केली. चार ओळी रिकाम्याच ठेवल्या. बाजूला लिहिलं: सर, हे चार दिवस माझ्यामुळे राहिले, मुलीची चूक नाही. धनराज.

सोमवारी सकाळी दीपिका सवयीनं पायरीवर येऊन बसली, पाठ माझ्याकडे करून. मी तिची शनिवारची वेणी सोडली. केस पाठीवर पसरले, गुंता बराच होता. फणी हातात घेतली होती, ती रिबिनीसोबत तिच्या हातात दिली.

"जा. मोठीमाय वाट पायते."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"मले वावरात जाचं आहे. जा लवकर, शाळा आहे."

ती मोकळ्या केसांनी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली. मी विळा शोधत होतो तेव्हा पलीकडून कमळाचा आवाज आला, "अवं माय, केवढा हा गुंता! बापानं विंचरलं का वाळवण घातलं?" आणि पोरगी खळखळून हसली. ते हसणं ऐकून मी पुन्हा तसाच जळलो. मी कुंपणाकडे न पाहता विळा घेतला आणि बांधीकडे निघालो.