दुपट्याखालचा टाइपरायटर

मित्रांनो, माझ्या अंगावरचे हे ठिगळाठिगळांचे दुपटे पाहून तुम्हाला हसू येत असेल. बाळाचे दुपटे, आणि ते पांघरून बसलेला मी एक जुना, लोखंडी, इंग्रजी टाइपरायटर. खुशाल हसा. पण ते माझ्याकडे कसे आले, तेवढे ऐकून घ्या.

श्रीरामपूरच्या कोर्टाबाहेर, लिंबाखाली माझे उभे आयुष्य गेले. माझे मालक सूर्यभान लोकांचे अर्ज लिहून देत. माझी खटखट ऐकून खेड्यांतली माणसे म्हणत, "सूर्यभानचं मशीन हाय, सायबाला अर्ज वाचावाच लागतो." मीही फुशारून जाई. खोड एकच होती, माझी 'ओ'ची कळ दिवसातून दहादा अडके.

अठ्ठावन्न साली बेलापूरच्या गोजरबाईंना मी पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या नवऱ्याने, भीमाने, आपली पाळी नसताना पाटाचे पाणी कांद्याच्या वाफ्यात वळवले होते. खटला झाला. बाईमाणसाला साहेब सोडून देतील, म्हणून गोजरबाईंनी तो गुन्हा आपल्या नावावर घेतला. आमच्याकडे तशी रीतच होती. साहेबांनी त्यांना कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा दिली. दिवसभर बाकावर वाती वळत बसल्या आणि संध्याकाळी घरी गेल्या. गावात कुणी त्याला शिक्षा म्हटलेच नाही.

तेरा-चौदा वर्षे गेली. त्यांची एकुलती एक लेक चांगुणा नवऱ्याबरोबर विलायतेला होती. तिला दिवस गेले. पहिलेच बाळंतपण आणि जवळ मायेचे कुणी नाही. जावयाने तिकिटाची सोय केली, पासपोर्टही हाती आला. उरला व्हिसाचा फॉर्म. तो भरायला गोजरबाई माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का, असं विचारलंय," सूर्यभान म्हणाले.

"व्हय. मला दिसभर बसीवलं हुतं की कोर्टात. तेवढं लिवा."

सूर्यभान हसले. "मावशी, ती काय शिक्षा म्हणायची? हे लिहिलं तर साहेब उगंच बिचकायचा. लेकीकडं जायचंय ना?"

गोजरबाई घुटमळल्या. "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला कळंल तसं करा."

सूर्यभानांच्या मनात पाप नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी बोटे चालवली. आणि मित्रांनो, रोज अडकणारी माझी 'ओ'ची कळ नेमकी त्या वेळी लोण्यासारखी चालली. कागदावर 'नो' उमटले. गोजरबाईंनी खाली अंगठा लावला. मी अडायला हवे होते. निदान घटकाभर तरी.

मुंबईहून उत्तर आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला होता. ज्या पाटाच्या पाण्यापायी हे सारे घडले, त्या पाटात धूळ उडत होती. पोलिसांच्या दाखल्यात ती जुनी शिक्षा निघाली आणि व्हिसा नाकारला गेला. सूर्यभानांनी पत्र वाचून दाखवले. इतक्या किरकोळ शिक्षेने काही अडले नसते, अर्जात खोटे लिहिले म्हणून नकार दिला, असे त्यात होते.

"म्या सांगितलं हुतं," एवढेच गोजरबाई म्हणाल्या.

पुन्हा अर्ज करता आला असता, पण बाळंतपण काही कागदासाठी थांबत नाही. चांगुणाचे बाळ परक्या नर्सच्या हातावर जन्मले.

वर्षभराने गोजरबाई आल्या आणि त्यांनी पिशवीतून हे दुपटे काढले. नातवासाठी त्यांनी स्वतःच्या लुगड्यांचे शिवले होते.

"आजच पार्सल करतो, मावशी," सूर्यभान घाईने म्हणाले.

"बाळ चालाय लागलं आता. ह्यात मावंल व्हय त्ये? तुमच्या मशीनवर घाला. लई धूळ बसलीय."

सूर्यभानांनी दुपटे उचलले आणि माझ्यावर पांघरले.

आता ते नाहीत, कोर्टाबाहेर मला कुणी बसवत नाही. मित्रांनो, कधी मी तुमच्या हाती लागलो, तर माझी धूळ पुसा, कळांना थेंबभर तेल घाला. 'ओ'ची कळ मात्र दुरुस्त करू नका. ती अडकली की हात थांबवा आणि समोरच्या माणसाने काय लिहायला सांगितले होते, ते त्याला पुन्हा एकदा विचारा.