गल्लीभर फिरलेला एप्रन

होय, मी एप्रनच बोलतोय, आणि आज चिडूनच बोलतोय. इतके दिवस खुंटीला गप्प लोंबकळलो, आता पुरे झालं.

माझा जन्म आमच्या शिवणवाल्या ताईंच्या मशीनवर झाला. पडद्याचं उरलेलं जाड निळं कापड, दोन खिसे आणि मागे लांबलचक नाड्या. बायकांच्या मंडळात ठरलं होतं, की मी गल्लीत एकेका घरी आठवडाभर मुक्काम करायचा. ज्या घरी मी, तिथल्या पुरुषानं संध्याकाळचा स्वयंपाक करायचा आणि बाईनं नळदुरुस्तीच्या वर्गाला जायचं. म्हणून मला मुद्दाम पुरुषांच्या मापानं बेतलं. सभेत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या ताईंच्या नवऱ्यानं. मीही हुरळून गेलो हो!

पहिल्या घरी बँकेतल्या साहेबांनी मला घालून फोटो काढला, गावभर पाठवला आणि मला खुर्चीवर फेकून जेवण बाहेरून मागवलं. दुसऱ्या घरी सासूबाईंनी मला लेकाच्या अंगावरून ओरबाडलं. "मी अजून मेले नाही," म्हणाल्या आणि गुडघे चोळत स्वतःच ओट्याशी उभ्या राहिल्या. तिसऱ्या घरचे गवंडीदादा मात्र झकास रांधायचे, पण खिडकी घट्ट लावून! शेजारपाजारी कळलं तर म्हणे लाज जाईल. त्या कोंडमाऱ्यात मी घामानं चिंब.

आणि मला धुतलं कोणी? प्रत्येक घरी बाईनंच!

शेवटी ताईंच्याच घरी आलो. सुईत दोरा ओवताना आताशा त्यांच्या डोळ्यांना धारा लागतात. शिवणकाम सुटायच्या आत दुसरं काम हाती यावं, म्हणून नळदुरुस्तीचा हा आटापिटा. उद्या परीक्षा आहे. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या या गृहस्थाला घरात मीठ सापडत नाही!

आज ताई वर्गातून परतल्या, तर भाजीचा वास. त्यांचा चेहरा असा खुलला! मग त्यांना मी दिसलो. त्यांच्या शाळकरी लेकीच्या, चिमीच्या अंगावर. कमरेशी दुमडलेला, तरी जमिनीवर लोळणारा. तिचा मोठा भाऊ बाहेर चेंडू खेळत होता.

"अगं, तिला आवड आहे," नवरा म्हणाला. "हवं तर एप्रन तिच्या मापाचा करून टाक."

आवड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईंनी मला चिमीच्या अंगावरून काढलं, नवऱ्याला घातलं आणि मागे करकचून गाठ मारली. "चिमी अभ्यास करेल. मीही करणार आहे. तुम्ही भांडी घासा, मग उद्याची भाजी निवडा." एवढं बोलून त्या पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

आता तो भांड्यांच्या ढिगापाशी उभा आहे. हात मागे नेऊन कधीचा गाठ चाचपतोय. सुटत नाहीये.

"चिमे, जरा ही मागची गाठ सोड गं."

वही मिटून चिमी उठलीय. बापानं सांगितलं की उठायचं, एवढंच तिला ठाऊक. ती माझ्या मागे येऊन उभी राहिलीय, नाडीला तिची बोटं लागलीयत.

पोरी, तुझ्या आईनं शिवलंय गं मला. तुझ्या पाया पडतो, एवढी गाठ सोडू नकोस.