कळीमुद्रा

मारोतरावांच्या अंगणात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. अनसिंगकडून ऑटो भरून आले होते, मालेगावहून मोटारसायकली. ओसरीवर, लाल कापड घातलेल्या पाटावर, त्यांची सून रूपाली घामाने भिजून बसली होती. श्वास धापधाप चालला होता. पाहता पाहता तिची मनगटं आत वळली, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळहातात शिरला.

“आली वं माय, कळी आली,” शेजारची कस्तुराबाई म्हणाली आणि बायांनी पदर पसरले.

रामकिसन महाराजांनी माइक तोंडाशी धरला. मागच्या सालापर्यंत हा माणूस मंगरूळपीरला मंडप अन् स्पीकर भाड्याने देत असे. स्पीकर तोच होता, माल नवा.

“आईनं कमळाची कळी धरली. हिले कळीमुद्रा म्हणतात. हिमालयातल्या जोग्यांले जमली नाई, ते आपल्या गावच्या सुनेले जमली. मोबाइल बंद करा, आईच्या लहरी टावरात अडकून राह्यल्या.”

लोकांनी मुकाट मोबाइल बंद केले. पाटापुढे नारळ चढले, मागच्या दाराने महाराजांच्या पूजासामानाच्या दुकानात गेले आणि घटकाभराने पुन्हा पाटापुढे आले.

रूपालीला देवी होण्याचा शीण आला होता. शिकलेल्या माणसांनीही पाया पडावं याचा तर जास्तच.

मूळची ती कीर्तनवेडी. मृदंगावर थाप पडली की हातातलं पीठ तसंच राहायचं. गेल्या वर्षी तिच्या पोटातलं लेकरू गेलं. नवरा शिवम कामासाठी पुण्याला, बोलणार कोणाजवळ? झोप उडाली. मग सप्त्याच्या गर्दीत, कीर्तन रंगात आलेलं असताना, एकाएकी छाती धडधडली, हवा पुरेना, हातांना मुंग्या आल्या, बोटं वळली. आता आपण मरतो, एवढंच तिला कळत होतं. स्पीकरजवळ उभा असलेला रामकिसन ओरडला, देवी आली. ती मरणाला भीत होती आणि लोक तिच्या पायांवर डोकी ठेवत होते.

तेव्हापासून दर मंगळवारी अंगणात गर्दी जमायची, आणि गर्दी दिसली की ते व्हायचं. आई वाराला पक्की आहे, असं महाराज सांगत. पक्की होती ती भीती. उपास त्यांनी लावले, कीर्तनाला जाणंही बंद केलं. देवीने खाली बसून दुसऱ्याचं ऐकू नये म्हणे. आणि आता येत्या पौर्णिमेला तिला देवळाशेजारच्या खोलीत कायमचं बसवायचं ठरलं होतं. संसार नाही, नवरा नाही, गोणपाटावर बसून टाळ्या वाजवणं नाही.

त्या रात्री गर्दी गेल्यावर सासरे जवळ येऊन बसले. मारोतराव जन्मभर टाळ धरून कीर्तनात उभे राहिलेले.

“पोरी, देव येते तिथून भेव जाते, असंच मी ऐकत आलो. मंग तुह्या डोळ्यात एवढं भेव काहून?”

इतक्या दिवसांत तिला काही विचारणारा हा पहिला माणूस. ती रडली. “मामाजी, देवी नाई येत जी. मले मराचं भेव येते.”

दुसऱ्याच दिवशी दोघं एसटीने वाशिमला गेली. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी आधी छाती तपासली, रक्त तपासलं, मग तिचं सगळं ऐकून घेतलं, लेकराचंही. हा चिंतेचा आजार आहे, त्या म्हणाल्या. वेड नव्हे, सोंग नव्हे, अंगात येणंही नव्हे. बरा होतो. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि बोलायला येत राहायचं. शेवटी त्यांनी बोटांची गोष्ट समजावली. ती ऐकून रूपाली कितीतरी दिवसांनी हसली.

पौर्णिमेला अंगण पुन्हा भरलं. रूपाली पाटावर बसली. छाती धडधडत होती, पण ती सावकाश श्वास सोडत राहिली.

“रामकिसन, माइक ठेव. आईचा हुकूम हाय. माह्यापुढं बस अन् मी सांगन तसा जोरजोरानं दम घे.”

इतक्या लोकांपुढे आईचा हुकूम मोडायचा कसा? महाराज बसले, भात्यासारखे फुसफुसू लागले. अजून जोरात, आई म्हणाली. थोड्या वेळात त्यांचा चेहरा उतरला, ओठ थरथरले, मनगटं आत वळली. दोन्ही हातांत कमळाच्या कळ्या.

“आता हा बी देवी झाला काय वं?” कस्तुराबाई म्हणाली. अंगणभर हसू पिकलं.

“माहे हात गेले,” महाराज कळवळले. “मले लकवा मारला.”

रूपाली पाटावरून उतरली आणि तिने त्याचं मनगट धरलं. “लकवा नाई. भिऊ नको. हळूहळू दम सोड, गरम चहावर फुंकर मारतो तसा.” बोटं उलगडली. मग ती लोकांकडे वळली. “भेवानं दम जोरात चालला का रक्तातला एक वायू कमी होते, मुंग्या येतात, बोटं वळतात. कोणाची बी वळतात. याच्या हातात देवी नव्हती, माह्याही नव्हती. मी आजारी होती, अन् तुमी मले नारळ वाहात होते.”

मारोतराव उठले. “देवाले भजा, मी बी भजतो. पण ज्यानं डोकं देलं, त्याले ते गहाण ठेवलेलं आवडन काय? छाती धडधडली, झोप गेली, मन बसलं, तर माणसाले विचारा, दवाखान्यात न्या. पाया नका पडू.”

काही जण खाली मान घालून गेले. काही जण मालेगावकडच्या नव्या बाबाचा पत्ता विचारत गेले. त्याला इलाज नाही. कस्तुराबाई तेवढी रेंगाळली. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाली, “माह्या बी छातीत असंच होते वं. येशीन का माह्यासंग वाशिमले?”

पुढच्या एकादशीला रूपाली कीर्तनाला गेली, मागे, गोणपाटावर. मृदंग वाजला तशी छाती एकदा उसळली. तिने फुंकर मारल्यासारखा श्वास सोडला आणि हात वर केले. टाळी वाजवायला बोटं मोकळी लागतात.