पाण्यातले देव

कुमुदिनीने देव पाण्यात घातले ते ऐन जानेवारीत. दिल्लीच्या मयूर विहारात तेव्हा असा गारठा पडला होता की नळाखाली हात धरला तर बोटं जागेवर आहेत ना, हे चाचपून बघावं लागे. नवऱ्याचं, राजीवचं, व्हाइस प्रेसिडेंटपद मागच्या खेपेला हुकलं होतं. ‘आता हुकलं तर बघा,’ असं देवांना बजावत तिने सगळ्यांना तांब्याच्या घंगाळात बुडवलं आणि वर जरीचा रुमाल झाकला.

लेक क्षिप्रा थर्मलवर स्वेटर, स्वेटरवर कानटोपी चढवून बघत होती.

“आई, ठंड लागेल ना त्यांना!”

“याला श्रद्धा म्हणतात. काम होईपर्यंत देवाला सोडायचं नाही. शीक जरा.”

“मग गीझरचं पाणी घाल ना.”

“म्हणजे आरामात डुंबत बसतील. घाई कोण करेल?”

क्षिप्राला हे बिल्कुल पटलं नाही. खालच्या मजल्यावर गुप्ता आंटींचे लड्डू गोपाल लोकरीची टोपी घालून हीटरसमोर बसत. झोपताना त्यांना बोटभर रजईसुद्धा होती. आणि आपला बाळकृष्ण? गोकुळ तेच, वय तेच, आणि हा नाकापर्यंत पाण्यात!

कुमुदिनी रोज घंगाळापुढे दिवा लावी, रुमालावर फुलं वाही आणि हळूच दम देई, “फाइल वर गेलीय. लक्ष असू द्या.” रुमाल मात्र ती उचलत नसे. अडवून ठेवलेल्यांचं तोंड कशाला बघायचं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी राजीवचा फोन आला. “कुमू, झालं यार! व्हाइस प्रेसिडेंट!”

देवांना तिथल्या तिथे बाहेर काढील तर ती कुमुदिनी कसली! संध्याकाळी मंडळाच्या बायका जमेपर्यंत तिने त्यांना तसंच ठेवलं. मग प्रमोशनची बातमी सांगून, सगळ्यांना घंगाळाभोवती उभं करून, “भक्ती कशी असावी बघा,” म्हणत झोकात रुमाल ओढला.

आत बटाटे. टम्म फुगलेले. एकाला तर कोंबही आलेला.

“अगंबाई,” शेजारच्या इंदुमतीबाई वाकून म्हणाल्या, “हे कुठलं कुलदैवत?”

क्षिप्राने सांगून टाकलं. “देव तर गुप्ता आंटींकडे आहेत, पहिल्या दिवसापासून. आंटींनी सगळ्यांना स्वेटर विणले. गणपतीच्या सोंडेला मोजापण! घंगाळ रिकामं दिसलं असतं तर तू ओरडली असतीस, म्हणून मी आलू ठेवले.”

कुमुदिनीचा चेहरा करंड्यातल्या हळदीसारखा झाला. इतक्या दिवसांची भक्ती चारचौघींत अशी पाण्यात गेली!

पण इंदुमतीबाई अजून वाकलेल्याच होत्या. “म्हणजे प्रमोशन... यांनी दिलं?”

कुमुदिनीने पदर सारखा केला. मग ती शांतपणे म्हणाली, “श्रद्धा मनापासून हवी हो. रुमालाखाली कोण आहे, हे महत्त्वाचं नाही.”

“मग एक मला दे. आमचा चैतन्य पुन्हा यूपीएससीच्या प्रिलिम्सला बसतोय.”

झालं! वाणाचे प्लास्टिकचे डबे कोपऱ्यात तसेच राहिले आणि बायकांनी घंगाळावर झडप घातली. कुणाला जावयाची बदली हवी होती, कुणाला नॉयडातला फ्लॅट. कोंब आलेला तेवढा कुमुदिनीने पदराखाली दडवला.

बायका गेल्यावर तिने त्याला ताज्या पाण्यात बसवलं. नळाच्याच.

“आई, आता देवांना घरी आणू?”

“राहू दे गं तिकडेच,” बटाट्याला कुंकू लावत कुमुदिनी म्हणाली. “त्यांना आणलं, तर याला वाटेल आपला याच्यावर विश्वास नाही.”